हिरवी साल दिसेपर्यंत

मागच्या महिन्यात आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं. आतड्याचा कॅन्सर. पोटाला चार बारीक भोकं पाडली, एकातून कॅमेरा आत घातला, टीव्हीवर बघत बघत डॉक्टरांनी आतलं काम उरकलं आणि आठवडाभरात तो माणूस आपल्या पायांनी जिना चढून घरी आला. ऑपरेशनच्या आधी शेजारीण माझ्याकडे येऊन बसली होती. पोट उघडून करायचं, दुर्बिणीतून करायचं की यंत्राच्या हातांनी, असे पर्याय डॉक्टरांनी तिच्यापुढे ठेवले होते. "काकू, यातलं चांगलं कोणतं हो?" ती मला विचारत होती. मला! मी जन्मभर पांढुर्ण्याच्या शाळेत भूगोल शिकवला. पण माझ्या बाबांना हेच झालं होतं हे सगळ्या गल्लीला माहीत, तेव्हा या विषयातली तज्ज्ञ मीच.

मी म्हटलं, "बाई, आमच्या वेळी भोकं नव्हती. वीतभर चीर होती. तुझे डॉक्टर म्हणतात तेच कर." ती गेली आणि मी मनानं दिवसभर बाबांपाशीच राहिले.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बाबांची सौंसरजवळ संत्र्याची बाग होती. मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आलेली, नोकरीही इथलीच. तिकडे घरी बाबा, माय आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या; बाबा तिला 'बाई' म्हणत. ती कमी वयात विधवा होऊन माहेरी आली ती कायमची.

बाबांना दोन गोष्टींसाठी आसपासची सगळी गावं ओळखायची. एक म्हणजे डिंक्या. संत्र्याच्या झाडाला हा रोग लागला की खोडातून डिंक गळतो, साल काळी पडून सडते आणि फळांनी वाकलेलं झाड बघता बघता वाळून जातं. इलाज एकच. चाकूनं सडकी साल खरवडून काढायची आणि वर मोरचूद-चुन्याचं मलम फासायचं. लोकांचा हात इथेच आखडतो. पोरासारखं वाढवलेलं झाड, त्याला किती सोलणार? बाबांचा हात आखडत नसे. "हिरवी साल दिसेपर्यंत थांबाचं नाई," असं म्हणत ते त्याच्याही बोटभर पुढे सोलत जायचे. बागवाला कळवळून ओरडायचा, "अजी, पुरे न आता! मारता का झाडाले?" बाबा ऐकतील तर शपथ. पण त्यांनी सोललेली झाडं जगायची. म्हणून शिव्या देत का होईना, लोक त्यांना बोलवायला यायचेच.

दुसरी गोष्ट रोडग्यांची. मृग बहराची संत्री तोडून झाली, माल नागपूरला गेला, की चैत्रात आमच्या वाडीतले सगळे बागवाले गाड्या जुंपून जामसावळीच्या आडव्या निजलेल्या मारुतीला जात. तिथे झाडांच्या सावलीत स्वयंपाक. जाडसर कणकेचे, आत तुपाचे थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरून भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि वर तुपाची धार. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. भाजी बायकांची, पण रोडगे पुरुषांनीच करायचे अशी आमची रीत. त्यातही कणीक मळणं आणि आर सांभाळणं बाबांकडे. रोडगे केव्हा उलटायचे हे ते आरावर पंजा धरून सांगत. त्या दिवशी अंगात नवा सदरा, कमरेला उपरणं आणि तोंडात सगळ्यांवर हुकूम. माय म्हणायची, "पाहा, निघाला नवरदेव."

त्या पंगतीत एकटी आत्या नसायची. तिचं सोवळं म्हणजे भलतंच कडक. ती बाजूला जाऊन, ओल्या लुगड्यानं, आपली कणीक आपल्या पाण्यात मळायची, चार गोवऱ्यांच्या वेगळ्या आरात एकच रोडगा भाजायची आणि आमच्याकडे पाठ करून खायची. सख्ख्या भावाच्या हातचंसुद्धा तिला चालत नसे. लहानपणी तिच्या लुगड्याला आमचा हात लागला की ती परत आंघोळ करायची आणि आंघोळ करता करता आमचा उद्धार. आम्ही तिला भ्यायचो. बाबा तर आमच्याहून जास्त.

त्या वर्षी पोळ्याला बाबा माझ्याकडे पांढुर्ण्याला आले होते. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, रस्ते बंद, त्यामुळे मुक्काम एका दिवसानं वाढला. नाहीतर मला कळलंच नसतं. मी त्यांचं धोतर धुवायला घेतलं तर मागे रक्ताचे डाग.

"मूळव्याध हाय. जुनीच," बाबा म्हणाले आणि धोतर माझ्या हातातून ओढायला लागले.

जुनी म्हणजे किती, तर आदल्या दिवाळीपासूनची. मायला ठाऊक होतं, आत्याला ठाऊक होतं. माय सुरण खाऊ घालत होती, एका वैदूनं कमरेला दोरा बांधला होता आणि आत्या दर शनिवारी मारुतीच्या बेंबीतलं तीर्थ बाटलीत भरून आणत होती. डॉक्टर तेवढा राहिला होता. आमच्याकडे असंच. दाढ दुखली तर माणूस गाल धरून गावभर फिरेल, पण त्या जागेचं दुखणं म्हणजे मूळव्याधच आणि ते काही चार लोकांत बोलायचं नसतं. मी अशी भडकले की आमच्या ह्यांनी शेवटी बाबांना माझ्यापासून वाचवायला म्हणून डॉक्टरकडे नेलं. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी बोट घालून तपासलं, हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "उद्याच नागपूरला न्या."

नागपूरला तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता.

तिथले सर्जन मोठे शांत गृहस्थ. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून आम्हाला तीन वाटा समजावून सांगितल्या. पहिली अगदी छोटी. गाठ सुपारीएवढी असती तर ती खालूनच कापून काढली असती, पोटाला हातही लावावा लागला नसता. "पण ती वेळ गेली," ते म्हणाले. मायनं खाली मान घातली. दुसरी वाट म्हणजे पोट उघडायचं, गाठीचा भाग काढायचा आणि आतड्याची दोन टोकं जोडून द्यायची. सगळं पूर्वीसारखं चालतं. पण गाठ फार खाली होती. जोडायला जागा ठेवायची तर तिच्या खालचा चांगला भाग पुरेसा कापता येणार नव्हता, रोगाचा अंश मागे राहायची भीती होती आणि जोड उसवला तर जिवावर बेतणार. तिसरी वाट सगळ्यात मोठी. वरून आणि खालून, दोन्हीकडून कापून तो सगळा भागच काढायचा, खालची वाट कायमची शिवून टाकायची आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवायचं. शौच तिथूनच होणार, पिशवीत. जन्मभर.

"मी तुमच्या जागी असतो तर तिसरी घेतली असती," सर्जन म्हणाले.

बाबांनी विचारलं, "डाक्टरसाहेब, ते पोटावर असलं की पंगतीत बसता येते?"

"बसा की."

"बसाचं नाई पुसत. लोकाईले आपल्या हातानं खाऊ घालता येते का?"

सर्जनना प्रश्न कळलाच नाही. ते पथ्यपाण्याचं सांगायला लागले. बाबा मध्येच उठले आणि हात जोडून म्हणाले, "मले जोडूनच द्या. नाईतर राहू द्या. पंगतीतून उठवाचं असंन, तर मंग जगवता कायले?"

झालं. छोट्या रेल्वेनं आम्ही सौंसरला परत आलो. ती गाडी तशीही बैलगाडीच्या चालीची, त्या दिवशी तर ती सरकेचना. बाबा खिडकीबाहेर बघत बसलेले. मी समजावलं, रडले, शेवटी ओरडलेसुद्धा. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईनं मला पाणी दिलं. बाबा एका गोष्टीवर अडले होते. शेणामुताची पिशवी पोटाला बांधून देवाच्या कणकेला हात लावायचा नाही आणि ती कणीक नसेल तर आपला काही उपयोग नाही. जीव जात असेल तर जावो. मला राग येत होता आणि भीतीही वाटत होती, कारण बाबा बोलले म्हणजे करतात हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बागेत गेले. मागोमाग माय निघाली, हातात बाबांचा तो खरवडायचा चाकू. मी तिच्या मागे. बांधाजवळच्या एका झाडाला डिंक्या लागला होता. माय त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि जपून, पापड लाटावा तशी, वरवर साल काढू लागली. बाबा जरा दूर उभे. थोडा वेळ त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग राहवेना.

"काय करून राहिली?"

"दिसत नाई? डिंक्या काढून राहिली."

"असा काढतेत? खाली काळं दिसून राहिलं न! अजून काढ."

"राहू द्या तेवढं," माय म्हणाली आणि मलमाचा डबा ओढला. "जास्त सोललं त झाड चांगलं नाई दिसत."

"दिसाचं काय करतं? मरंन ते!"

"मरंन त मरंन. पण लोकं काय म्हणतीन? भर बागेत असं उघडं खोड घेऊन उभं राहाचं? त्याले लाज नाई वाटणार?"

बाबांनी तिच्या हातातून चाकू हिसकला. खाली बसले, पातं टेकवलं आणि तिथेच थांबले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतात, जवळ जाऊन पाहिलं तर हसत होते. आणि रडतही होते.

"बह्याड बाई," ते मायला म्हणाले, "कोठून शिकली हे?"

"तुमच्यापासूनच. दुसऱ्याच्या झाडाले कसे कचाकचा सोलता! घरच्या झाडावरच माया आली व्हय?"

बाबांनी आधी ते झाड हिरव्या सालीपर्यंत सोललं, मलम लावलं, हात धुतले आणि मग म्हणाले, "चला नागपूरले." माझी माय चार बुकं शिकलेली नव्हती असं मी म्हणणार नाही, चौथी पास होती. पण त्या सकाळी मला तिचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, नुसतीच तिला बिलगले.

ऑपरेशन दिवसभर चाललं. ही वीतभर चीर, खाली दुसरी जखम, नाकात नळी, बाटल्या, सुया. आजच्या चार भोकांशी तुलनाच नको. बाबांना कुशीवर वळायची बंदी होती आणि ते सारखे वळायला बघायचे. माय दम द्यायची, "जामसावळीच्या मारुतीसारखं गुमान पडून राहा. तो एवढी वर्षं उताणा पडून हाय, त्यानं कधी तक्रार केली?" शेजारच्या खाटेवरचे पेशंट टाके धरून हसायचे. तिथल्या एका नर्सबाईनं बाबांना सगळं शिकवलं. सकाळी एकदा कोमट पाणी घालून आतडं धुऊन घ्यायचं, म्हणजे दिवसभर बहुधा काही येत नाही, वर नुसती पट्टी बांधली तरी चालतं. मायनं जुन्या मऊ धोतराचे पट्टे शिवले. दुकानातल्या पिशव्यांपेक्षा ते बाबांना जास्त आवडत. सर्जन म्हणाले, काठापर्यंत सगळं स्वच्छ निघालंय. बाबांनी मायकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हिरवी साल."

मला वाटलं, सुटलो. कसलं काय!

घरी आल्यावर बाबांनी आपलं ताट, आपला तांब्या वेगळा केला. कुणी सांगितलं नव्हतं. खाट बागेतल्या झोपडीत नेली. गावात सांगितलं, पोटाचं ऑपरेशन. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "वजन उचलाची मनाई हाय." मी दर रविवारी जायची आणि दर रविवारी भांडून यायची. माझा खरा राग आत्यावर होता. ती या सगळ्यात अक्षर बोलली नव्हती. भावाचं वेगळं ताट तिनं पाहिलं आणि गप्प राहिली. मला वाटायचं, हिच्याच धाकानं बाबा झोपडीत जाऊन बसले आहेत, हिनं एक शब्द टाकला असता तर माणूस घरात आला असता. मायला मी तसं म्हटलंही. माय म्हणाली, "तिले कोण सांगंन? तूच सांग." माझी काय टाप!

त्या चैत्रात पंगत बाबांशिवाय झाली. आर कुणालाच सांभाळता आला नाही. अर्धे रोडगे करपले, अर्धे आत कच्चे. वाडीतले लोक देवाचं म्हणून तसेच खाऊन आले आणि दोन दिवस सगळ्यांची पोटं बिघडली. हे ऐकून बाबा झोपडीत एकटेच इतके हसले की टाक्यांच्या जागी हात धरावा लागला. "आता साऱ्या वाडीलेच पिशव्या लागतीन," म्हणाले. त्या हसण्यानंतर त्यांच्यात काहीतरी हललं. ते संध्याकाळचे बांधापर्यंत येऊन बसू लागले, मग अंगणात, मग ओसरीवर. ताट मात्र वेगळंच.

पुढच्या चैत्राआधी वाडीतली दोन-तीन जुनी माणसं आली आणि म्हणाली, "भाऊ, वजन नका उचलू. नुसते आरापाशी बसा. पण या." बाबा म्हणाले, "येतो. कणीकही मळतो. पण वाढाच्या आधी मले दोन शब्द बोलाचे हायेत."

काय बोलायचंय ते आम्ही समजलो. मी म्हटलं, "बाबा, काय गरज? सकाळी धुऊन घ्या, आंघोळ करा, वरून सदरा. कोणाले दिसते?"

"खाणाऱ्याले न सांगता खाऊ घालाचं?" बाबा म्हणाले. "ते नाई जमणार, पोरी."

जामसावळीला त्या दिवशी ऊन चांगलंच होतं. बाबांनी नवा सदरा घातला होता, आत मायनं शिवलेला पांढरा पट्टा. कणीक मळताना त्यांचे हात पहिल्यांदा थोडे अडखळले, मग जुन्या चालीवर आले. आर लागला. पलीकडच्या झाडाखाली आत्याचा छोटा आर वेगळा धुपत होता, नेहमीप्रमाणे आमच्याकडे पाठ. पुरुषांची पहिली पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, वरणाची बादली आली. बाबा रोडग्यांची टोपली घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभे राहिले. मी मायचा हात धरला.

"मंडळी, जरा ऐका," बाबा म्हणाले. "माहं जे ऑपरेशन झालं ते कॅन्सरचं झालं. खालचा रस्ता बंद केला. माहं शौच आता इकडून होते, पोटावरून." त्यांनी सदऱ्यावरून जागेवर हात ठेवला. "सकाळी साफ करून, आंघोळ करून आलो. कणीक म्या मळली. ज्याले चालत नसंन त्यानं आता उठा. मले राग नाई येणार."

मग पंगतीच्या सुरुवातीलाच बसलेला एक बागवाला उठला. वाईट माणूस नव्हता तो. खाली बघत म्हणाला, "भाऊ, माफ करजा. घरी म्हातारी हाय, तिले समजलं त..." आणि पायात चपला घालून गाडीकडे गेला. त्याची पत्रावळ तशीच राहिली. बाबांनी मान हलवली आणि टोपली छातीशी घट्ट धरली. आणखी कुणी उठतंय का म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. एक जण उठला की दुसऱ्याला उठायला सोपं जातं.

तेवढ्यात ओल्या लुगड्याचा फटक फटक आवाज आला. आत्या. पदर खोचलेला, कपाळावर आठी. ती तरातरा आली आणि त्या रिकाम्या पत्रावळीपुढे, सगळ्या पुरुषांच्या पंगतीत, फतकल मारून बसली. आम्ही जन्मात असं पाहिलं नव्हतं.

"बाई?" बाबांच्या तोंडून एवढंच निघालं.

"माहा रोडगा कच्चा राहिला," आत्या म्हणाली. "मले भूक लागली. वाढ आता, उभा काय राहिला? तूप थिजून राहिलं."

बाबांनी रोडगा फोडला. त्यांच्या हातून तूप पत्रावळीबाहेर सांडलं, तशी आत्या खेकसली. मग पंगतीभर "इकडे या, भाऊ", "इकडे दोन टाका" असा गलका उसळला. मागून पुन्हा कुणी उठलं नाही. त्या वर्षीचे रोडगे कसे होते ते मला सांगता येणार नाही, मी रडत रडत खाल्ले. घरी गेल्यावर रात्री मायनं बाबांचं ताट आमच्या ताटांसोबत मांडलं आणि ते त्याच्यापुढे येऊन बसले. पुढेही पुष्कळ चैत्र त्यांनी कणीक मळली.

पण त्याआधी, तिथेच, भांडी आवरताना मी आत्याच्या आरापाशी गेले. आर विझत आला होता. राख सारली तर तिचा रोडगा तसाच होता. बाहेर काढला, झटकला, फोडला. आतपर्यंत नीट भाजलेला होता.